राज्य गेले, राजधर्म उरला : तंजावरचे दुसरे सरफोजी राजे

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या विस्तीर्ण प्रांगणात आलेला मराठी यात्रेकरू नैर्ऋत्येकडील भिंतीजवळ येताच थबकतो. सभोवार तमिळ बोलणे कानी पडत असते. मागे राजराज चोळाने इ.स. १०१० च्या सुमारास पूर्ण केलेले उत्तुंग विमान उभे असते. आणि समोरच्या दगडावर मात्र मराठी भाषेत भोसले कुळाचा इतिहास कोरलेला दिसतो. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, कावेरीच्या खोऱ्यात, मराठी भाषेतील हा प्रदीर्घ शिलालेख इ.स. १८०३ मध्ये कोरविला गेला. तो कोरविणारे राजे म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी भोसले.

या शिलालेखासंबंधी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. तो कोरला गेला तेव्हा सरफोजी राजांच्या हाती राज्य उरलेले नव्हते. चारच वर्षांपूर्वी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहान्वये, तंजावरचा संपूर्ण राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. राजांकडे किल्ला व त्याभोवतीची अल्पशी भूमी, वर्षाकाठी १ लाख स्टार पगोडे आणि निव्वळ वसुलाचा एकपंचमांश एवढेच राहिले. राजांचे वय त्या वेळी अवघे २२ वर्षांचे होते.

ज्याच्याकडून राज्य करणे हेच काम काढून घेतले गेले, अशा राजाने पुढे काय करावे? खेद करीत बसावे, विलासात काळ घालवावा, की संन्यास घ्यावा? सरफोजी राजांनी यांपैकी काहीच केले नाही. परमेश्वराने आपल्याला ज्या स्थानी ठेवले आहे त्या स्थानाचे कर्तव्य अद्याप संपलेले नाही, असे मानून त्यांनी पुढील ३३ वर्षे काम केले. त्या कामाची हकिकत हीच तंजावरच्या मराठी राजवटीच्या उत्तरकाळाची खरी कहाणी होय.

भावाने भावाला दिलेला उपदेश

या घराण्याला कर्तव्याचा धडा आरंभीच मिळालेला होता. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी उर्फ एकोजी राजे यांनी इ.स. १६७५-७६ च्या सुमारास तंजावर हस्तगत केले. पुढे दक्षिण दिग्विजयाच्या काळात, इ.स. १६७७ मध्ये, वडिलार्जित दौलतीच्या वाटणीवरून दोघा बंधूंत वितुष्ट आले, लढाई झाली आणि व्यंकोजी राजांच्या फौजेचा पराभव झाला. त्यानंतर समेट होण्यात व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई आणि मुत्सद्दी रघुनाथपंत हणमंते यांचा मोठा वाटा होता.

पराभवाने व्यंकोजी राजे खचले. कारभारावरून त्यांचे मन उडाले व ते विरक्तासारखे राहू लागले. हे वर्तमान कळताच शिवाजी महाराजांनी त्यांना पत्र लिहिले. पराभूत भावाचे राज्य बळकावण्याची ती उत्तम संधी होती. परंतु पत्राचा रोख अगदी निराळा होता. हे वय वैराग्याचे नव्हे, पुरुषार्थाचे आहे. सेवकांना रिकामे न ठेवता त्यांच्याकडून कामे घ्यावीत आणि कीर्ती मिळवावी, असे महाराजांनी धाकट्या भावाला समजाविले. दीपाबाईंनाही चोळीबांगडीसाठी कर्नाटकातील बंगळूर आदी प्रदेश देऊन त्यांचा मान राखला.

आपले कार्य करीत असतानाच दुसऱ्याला त्याच्या कार्यावर पुन्हा उभे करणे, हा थोरपणाचा एक विशेष आहे. व्यंकोजी राजे सावरले आणि तंजावरची मराठी गादी पुढे पावणेदोनशे वर्षे टिकली. या उपदेशाचा खरा अर्थ मात्र सव्वाशे वर्षांनी, त्याच गादीवरील एका राज्यहीन राजाने आचरून दाखविला.

दत्तक पुत्र आणि परधर्मीय पालक

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले घराण्याच्या एका दूरच्या शाखेत झाला. तंजावरचे राजे दुसरे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता. मृत्यू समोर दिसत असता, इ.स. १७८७ च्या आरंभी, त्यांनी या नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले आणि त्याच्या रक्षणासाठी एका वयोवृद्ध जर्मन मिशनऱ्याला पाचारण केले. त्याचे नाव ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ.

श्वार्ट्झ इ.स. १७५० पासून दक्षिणेत होता. तमिळसह अनेक भाषा त्याला अवगत होत्या आणि त्याच्या सचोटीवर राजे, नबाब व इंग्रज अशा सर्वांचाच विश्वास होता. मुलाला त्याच्या हाती सोपविण्याची तुळजाजींची इच्छा होती. राज्यकारभाराची जबाबदारी मात्र श्वार्ट्झने स्वीकारली नाही. ते आपले काम नव्हे, हे तो जाणून होता. राजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी मुलाच्या वतीने कारभार पाहावा, असे त्याने सुचविले.

तुळजाजींच्या मृत्यूनंतर दत्तकविधान शास्त्रसंमत नसल्याचा निर्णय पुढे करून अमरसिंहांना गादीवर बसविण्यात आले. सरफोजींची अवस्था कैद्यासारखी झाली, शिक्षणही खुंटले. त्या वेळी श्वार्ट्झने मद्रासच्या इंग्रज अधिकाऱ्यांकडे पत्रांमागून पत्रे धाडून मुलाची बाजू मांडली. अखेर इ.स. १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला नेण्यात आले व तेथे त्यांचे शिक्षण सुरू झाले. दत्तकविधानाचा पुनर्विचार होऊन जून १७९८ मध्ये ते गादीवर आले. तो दिवस पाहण्यास त्यांचा पालक हयात नव्हता. चारच महिन्यांपूर्वी, १३ फेब्रुवारी १७९८ रोजी, श्वार्ट्झचे निधन झाले होते.

या नात्यातील सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की, गुरू आयुष्यभर ख्रिस्ती धर्मोपदेशक राहिला आणि शिष्य आयुष्यभर निष्ठावंत शिवभक्त राहिला. दोघांचे प्रेम त्यामुळे उणावले नाही. सरफोजींनी लंडनचे प्रख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून गुरूचे संगमरवरी स्मारक घडवून घेतले. तंजावरच्या चर्चमधील या शिल्पात मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ आणि त्याचा हात हाती घेऊन उभे असलेले सरफोजी राजे दिसतात. गुरूच्या समाधीवरील इंग्रजी कविताही राजांनीच रचली. दुसऱ्याला आपल्यासारखे न करता त्याला त्याच्या वाटेवर समर्थ करणे म्हणजे काय, हे ते शिल्प शब्दावाचून सांगते.

जे गेले आणि जे उरले

इ.स. १७९९ हे वर्ष दक्षिण हिंदुस्थानच्या इतिहासातील निर्णायक वर्ष होते. त्याच वर्षी ४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडले व टिपू सुलतान धारातीर्थी पडला. कंपनीच्या फौजेपुढे तंजावरचा टिकाव लागण्याची शक्यता नव्हती. शिवाय सरफोजींना गादी मिळाली होती तीच मुळी कंपनीच्या निर्णयाने. त्यांनी तहावर स्वाक्षरी केली.

यात त्यांचा दुबळेपणा पाहणारेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ याच राजांनी समुद्रकिनारी ‘मनोरा’ नावाची बहुमजली वास्तू उभारली. कंपनीची मर्जी सांभाळणे हा त्यांच्या जीवनाचा भागच होता. तथापि काय गेले याइतकेच, जे उरले त्याचे या पुरुषाने काय केले, हेही इतिहासाने विचारले पाहिजे.

त्याचे उत्तर इ.स. १८०१ च्या एका पत्रात सापडते. तंजावर राज्यात रामेश्वराच्या यात्रामार्गावर राजघराण्याने स्थापिलेली अनेक छत्रे होती. त्यांची व्यवस्था आपल्याकडेच राहावी, यासाठी सरफोजींनी रेसिडेंट टोरिन यास त्या छत्रांचे कार्य सविस्तर लिहून कळविले. सत्तेचा, तोफांचा वा वसुलाचा आग्रह न धरता राजाने कशाचा आग्रह धरला, हे या पत्रावरून कळते.

पत्रातील वर्णन असे : ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्या प्रत्येक वाटसरूला, जोगी, जंगम, अतीत, बैरागी या सर्वांना छत्रात अन्न मिळे. शिजविलेला भात न चालणाऱ्यांना कोरडा शिधा दिला जाई. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा केला जाई की, अजून कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे. छत्रात वेदाध्यापक असत, पंतोजी असत, तसेच रोग, सूज व सर्पविष यांवर उपचार करणारे वैद्य असत. आजारी वाटसरूची तो बरा होईपर्यंत शुश्रूषा होई. गरोदर व बाळंत स्त्रियांची काळजी घेतली जाई. परमुलखात मृत्यू आलेल्याचे अंत्यसंस्कार त्याच्या जातिरिवाजाप्रमाणे केले जात.

अनाथ मुलांविषयीचा मजकूर तर कोणत्याही शाळेने जपून ठेवावा असा आहे. परमुलखातून आलेल्यांची पोरकी झालेली मुले पंतोजींच्या देखरेखीखाली ठेवली जात. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण, दर चौथ्या दिवशी तेल, लागेल तेव्हा औषध आणि वस्त्रे मिळत. ज्या मुलाची ज्या विद्येकडे ओढ असेल ती विद्या त्याला शिकविली जाई, आणि शिक्षण पुरे झाल्यावर त्याच्या विवाहाचा खर्चही छत्रच करी. जमिनींचे उत्पन्न अपुरे पडले तर तूट राजे भरून काढीत. तंजावरला जग धर्मराज्य म्हणून ओळखते आणि हीच आपल्या पदाची सर्वांत मोठी प्रतिष्ठा आहे, अशा आशयाने राजांनी आपले म्हणणे मांडले.

राज्य गेले होते; राजधर्म त्यांनी मागून घेतला.

स्वधर्म म्हणजे जन्माची बेडी नव्हे

‘ईश्वराने नेमून दिलेले काम’ या कल्पनेचा आपल्या समाजात पुष्कळदा दुरुपयोग झाला आहे. ज्याने जेथे जन्म घेतला तेथेच त्याने राहावे, असे सांगण्यासाठी ती वापरली गेली. तंजावरही त्यास सर्वस्वी अपवाद नव्हते. छत्रात अन्न सर्वांना मिळे, पण त्या काळचे पंक्तिभेद तेथेही होते. दरबारातील नृत्य ज्या देवदासींनी जिवंत ठेवले, त्यांच्या वाट्याला कलेइतका मान आला नाही. धान्य पिकविणारा कुळवाडी तर कंपनीच्या वसुलाखाली गेलाच होता.

परंतु सरफोजींच्या जीवनातून निघणारा स्वधर्माचा अर्थ अधिक उदार आहे. ते स्वतः जन्माने राजपुत्र नव्हते. दूरच्या शाखेतून आलेले दत्तक पुत्र होते. ज्या अनाथ मुलाचे कुळही ठाऊक नाही, त्याची ओढ पाहून त्याला विद्या द्यावी, ही छत्राची रीत होती. माणसाला ईश्वराने दिलेले काम त्याच्या जातीपेक्षा त्याच्या ओढीत व गुणांत दिसते, आणि ते दिसावे म्हणून त्याला अन्न, वस्त्र, गुरू व अवसर देणे हे ज्याच्यापाशी साधन आहे त्याचे काम आहे, असा त्या रीतीचा अर्थ होतो.

विद्येच्या छत्राखाली

याच दृष्टीने राजांनी आपले उत्पन्न विद्येकडे वळविले. तंजावरच्या किल्ल्यात त्यांनी नवविद्येची शाळा स्थापिली. इ.स. १८०५ च्या सुमारास ‘नवविद्याकलानिधी’ नावाचा देवनागरी छापखाना काढला. मुंबई-पुण्याकडे मराठी मुद्रणाचा जम बसण्यापूर्वीच तेथून इसापच्या नीतिकथांचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर पडला. तो सखण्णा नावाच्या पंडिताने केला होता. राजाने काढलेल्या छापखान्याचे आरंभीचे पुस्तक मुलांसाठी असावे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

‘धन्वंतरी महाल’ या संस्थेत आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्त्य अशा निरनिराळ्या पद्धतींचे वैद्य एकत्र काम करीत. अनुभवाने गुणकारी ठरलेले उपचार तमिळ पद्यांत बांधून ठेवले गेले. तो संग्रह ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ओळखला जातो. नेत्ररोग्यांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची चित्रेही सरस्वती महालात जतन झाली आहेत. कोणत्या पद्धतीचा वैद्य श्रेष्ठ, हा वाद मिटविण्यापेक्षा प्रत्येकाला त्याच्या विद्येने रोग्याच्या उपयोगी पडू देणे राजांना अधिक महत्त्वाचे वाटले.

साहित्यातही हेच दिसते. ‘कुरवंजी’ हा तमिळ प्रदेशातील लोकप्रिय नृत्यनाट्यप्रकार. भविष्य सांगणारी, डोंगरदऱ्यांतून हिंडणारी कुरव स्त्री ही त्यातील प्रमुख व्यक्तिरेखा. सरफोजींनी ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक लिहून त्या कुरवंजीच्या मुखाने पृथ्वीचा भूगोल सांगविला. श्वार्ट्झपाशी शिकलेले वेदनायगम शास्त्री हे त्यांचे सहाध्यायी. ते ख्रिस्ती कवी होते आणि त्यांनी त्याच प्रकारात ‘बेथलहेम कुरवंजी’ रचली. एकच लोककला, एकाने तीतून भूगोल शिकविला, दुसऱ्याने ख्रिस्तचरित्र गायिले. शिवभक्त राजाने या ख्रिस्ती कवीला दरबारचा आश्रय दिला.

संगीत व नृत्याच्या क्षेत्रात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू या चार बंधूंनी सरफोजी व त्यांचे पुत्र शिवाजी यांच्या काळात जे कार्य केले, त्याने भरतनाट्यमला आजचे स्वरूप आले. अलारिपूपासून तिल्लाण्यापर्यंतचा जो क्रम आज मुंबई-पुण्यातील मुलीही शिकतात, तो या बंधूंनी बांधून दिला. कर्नाटक संगीतात व्हायोलिन रुजविणाऱ्यांत वडिवेलूंचे नाव आदराने घेतले जाते.

आणि तंजावरहून काही मैलांवर, तिरुवैयारू येथे, कावेरीकाठी संत त्यागराज राहत होते. राजाने धन व मान देऊ करून त्यांना दरबारी बोलाविले आणि रामभक्तीपुढे धनाची मातब्बरी ती काय, असे म्हणून त्यांनी ते नाकारले, अशी परंपरागत कथा आहे. कथेचा तपशील कसाही असो. त्यागराज तिरुवैयारूतच राहिले, त्यांचे गायन अखंड चालले आणि त्या गायनाला राज्याकडून कधी बाधा आली नाही. काहींना त्यांच्या कामात साहाय्य द्यावे लागते, काहींना त्यांच्या वाटेतून बाजूला होऊनच साहाय्य करावे लागते. राजाला दोन्ही साधले पाहिजे.

काशीयात्रा आणि सरस्वती महाल

इ.स. १८२० मध्ये सरफोजी राजे सुमारे ३,००० लोकांसह काशीयात्रेस निघाले. यात्रेत त्यांनी दानधर्म केला, तसा ग्रंथसंग्रहही केला. जेथे मूळ पोथी मिळाली तेथे ती घेतली, न मिळाली तेथे नकला करविल्या. नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयाला त्यामुळे अपूर्व वैभव प्राप्त झाले. ताडपत्रे, कागदी पोथ्या, मोडी दफ्तरे, नकाशे आणि इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आदी भाषांतील मुद्रित ग्रंथ यांचा तो संग्रह आहे. अनेक युरोपीय ग्रंथांवर राजांची स्वाक्षरी आढळते. केवळ मराठी हस्तलिखितेच तेथे ३,००० हून अधिक आहेत.

इ.स. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरला आले तेव्हा, लव्हॉइझिए व लिनियस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांविषयी अधिकाराने बोलणारा आणि शेक्सपिअरच्या काव्याविषयी स्वतःचे मत असणारा हा हिंदी राजा पाहून ते थक्क झाले. परंतु राजांची विद्वत्ता हा त्यांच्या कार्याचा गाभा नव्हे. इतरांच्या विद्येला त्यांनी निवारा दिला, हा त्यांचा खरा मोठेपणा होय.

जे टिकले

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी राजे निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी राजे इ.स. १८५५ मध्ये औरस पुत्राविना मरण पावले आणि कंपनीने उरलेसुरले संस्थानही खालसा केले. तहात राखलेला किल्ला, मानमरातब, तनखा, सारे गेले. ज्यासाठी राजे एरवी लढतात, त्यातील काहीच उरले नाही.

उरले ते दुसऱ्यांसाठी केलेले काम. इ.स. १९१८ मध्ये सरस्वती महाल सर्वांसाठी खुला झाला. आजही देशोदेशींचे अभ्यासक तेथे बसून पोथ्या वाचतात. चार बंधूंनी बांधलेला नृत्यक्रम जगभर सादर होतो. त्यागराजांच्या स्मरणार्थ तिरुवैयारू येथे दरवर्षी आराधना भरते. आणि तंजावरच्या जुन्या मराठी कुटुंबांत आपल्या वळणाची मराठी अद्याप बोलली जाते.

शाळेच्या हीरक महोत्सवात या इतिहासाचे स्मरण औचित्याचे आहे. मराठी माध्यमाची शाळाही आज एका अर्थाने मर्यादित राज्याचीच धनी आहे. काळाचा ओघ निराळा, साधने तुटपुंजी, आणि काय गमावले याचे दुःख करण्यास कारणेही पुष्कळ. परंतु शाळेचे काम त्यामुळे संपत नाही. वर्गातील प्रत्येक मुलाची ओढ ओळखणारा शिक्षक, आपली अपुरी राहिलेली इच्छा पाल्यावर न लादता त्याला त्याच्या वाटेवर उभे करणारे पालक, आणि आपापल्या व्यवसायात स्थिरावल्यावर मागे वळून एखाद्या मुलाची फी भरणारा माजी विद्यार्थी, हे सारे त्याच छत्राचे वारसदार आहेत.

तंजावरच्या छत्रात मध्यरात्री घंटा वाजे. ती जेवून झालेल्यांसाठी नसे, अजून उपाशी राहिलेल्यासाठी असे. साठ वर्षे रोज सकाळी वाजणाऱ्या शाळेच्या घंटेचाही अर्थ तोच आहे : अजून कोणी राहिला असेल, तर त्याने यावे.